फेब्रुवारीतले जादा शंभर रुपये

महाराष्ट्रातल्या एखाद्या पगारदाराची वर्षभराची पगारपत्रकं काढून बघा. कपातीच्या रकान्यात व्यवसाय कराची एक ओळ असते. बहुतेक कचेऱ्यांत तिला नुसतं ‘पीटी’ म्हणतात. एप्रिलला २०० रुपये, मेला २००, जूनला २००, असं जानेवारीपर्यंत चालतं. फेब्रुवारीत अचानक ३०० कापले जातात आणि मार्चला पुन्हा मुकाट्याने २००. सगळ्यात लहान महिना, आणि कर त्यातच जास्त! दरवर्षी कुणीतरी अकाउंट्समध्ये जाऊन याचं कारण विचारतं आणि ‘तसंच असतं’ एवढं ऐकून परत येतं.

बेरीज केली की उलगडा होतो. अकरा महिन्यांचे २२०० आणि फेब्रुवारीचे ३००, एकूण २५००. हा अडीच हजारांचा आकडा मंत्रालयातल्या कुणा सचिवाने काढलेला नाही. तो भारताच्या राज्यघटनेत छापलेला आहे, कलम २७६ मध्ये. ज्या ग्रंथात मूलभूत हक्क आहेत, राष्ट्रपतींचे अधिकार आहेत, आणीबाणीच्या तरतुदी आहेत, त्याच ग्रंथात तुमच्या पगारातून व्यवसाय कर म्हणून वर्षाला जास्तीत जास्त किती कापता येईल हेही लिहून ठेवलेलं आहे. घटना म्हणजे नुसती उदात्त वचनं, असं वाटणाऱ्यांनी एकदा हे कलम वाचावं.

एवढ्या बारक्या गोष्टीसाठी घटनेत जागा का खर्च केली? कारण साधं आहे. मिळकतीवरचा कर हा केंद्राचा अधिकार. राज्यांना मात्र धंदा, पेशा, नोकरी यांवर कर लावण्याची जुनी मुभा होती. आता नोकरीवरचा कर आणि नोकरीच्या पगारावरचा कर यांत फरक कसा करायचा? उद्या एखादं राज्य व्यवसाय कराच्या नावाखाली स्वतःचा आयकरच सुरू करील. म्हणून घटनाकारांनी एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. राज्याचा असा कर केवळ मिळकतीशी संबंधित आहे म्हणून रद्द होणार नाही, पण माणशी वर्षाला अमुक रुपयांच्या वर जाणार नाही. १९५० साली ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. म्हणून ऑफिसातला कारकून आणि त्याच ऑफिसातला कोट्यधीश संचालक दोघंही सारखेच अडीच हजार भरतात. दिल्ली, हरियाणात तर हा करच नाही. अधिकार आहे, पण तो वापरलाच पाहिजे असं कुठे आहे?

महाराष्ट्राने तो वापरला, आणि कशासाठी वापरला हेही ऐकण्यासारखं आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडत होती. मागेल त्याला काम देण्याची, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना राज्याने उचलली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हजेरीला हातभार लावायचा, असा तो हिशोब होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमी आणली तेव्हा महाराष्ट्राचा पाव शतकाचा अनुभव तिच्यासमोर होता. राज्याने करून पाहिलं, देशाने उचललं. अकुशल मजुरीचा सगळा भार तेव्हा केंद्राने घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा आणला आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला. कल्पना खालून वर गेली होती, आता बिल वरून खाली आलं आहे.

केंद्र आणि राज्यं यांच्यातल्या अधिकारवाटपाबद्दल आपण शाळेत जे शिकतो ते फार नीटस असतं. संरक्षण केंद्राकडे, पोलीस राज्याकडे, शिक्षण दोघांकडे, झाला धडा. प्रत्यक्षात घटनेची सातवी अनुसूची उघडली की एखाद्या जुन्या वाड्याच्या वाटणीपत्राची मजा येते. तीन सूच्या. मूळ घटनेत संघ सूचीत ९७ नोंदी, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७. हा तीन सूच्यांचा घाट १९३५ च्या ब्रिटिशांच्या कायद्यातून आलेला, त्यामुळे काही नोंदींना त्या काळाचा वास आहे. कोंडवाडे आणि गुरांचा उपद्रव ही राज्य सूचीतली स्वतंत्र नोंद आहे. स्मशानं आणि दफनभूमी राज्याकडे, बाजार आणि जत्रा राज्याकडे. तीर्थयात्रांची तर सरळ फाळणीच केलेली आहे. देशातल्या यात्रा राज्याच्या, देशाबाहेरच्या केंद्राच्या. म्हणजे पंढरीची वारी मुंबईच्या अखत्यारीत आणि हज किंवा कैलास-मानससरोवर दिल्लीच्या.

समुद्रातही रेघ आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, त्यापलीकडची केंद्राची. मालवणच्या पाण्यातला बांगडा बाहेर पोहत गेला की त्याचं सरकार बदलतं, आणि त्याला याची काही खबर नसते.

मला सगळ्यात गंमत वाटते ती नाटक-सिनेमाची. चित्रपट दाखवायला परवानगी देणं संघ सूचीत आहे, नाट्यप्रयोग राज्य सूचीत. म्हणून सिनेमाला केंद्राचं सेन्सॉर बोर्ड आणि नाटकाला महाराष्ट्राचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये अडकलं ते या राज्याच्या मंडळाशी, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी मुंबई उच्च न्यायालयात जाऊन ते सोडवलं. तीच कथा पडद्यावर आली असती तर भांडण दिल्लीशी झालं असतं. चित्रपटगृहाचा परवाना मात्र पुन्हा राज्याकडे! पडद्यावर काय दिसेल ते केंद्र बघणार आणि खुर्च्या, दारं, आग विझवायची सोय राज्य बघणार.

अनुसूची वाचताना हळूहळू एक गोष्ट लक्षात येते. राज्य सूचीतल्या कितीतरी महत्त्वाच्या नोंदींना शेवटी एक शेपटी लावलेली आहे: ‘संघ सूचीतील अमुक नोंदीच्या अधीन राहून’. पाणी राज्याचं, पण शेपटी आहे. उद्योग राज्याचे, शेपटी आहे. खाणी, चित्रपटगृहं, सगळ्यांना शेपट्या. आणि प्रत्येक शेपटीचं दुसरं टोक दिल्लीच्या हातात. ते किती जोरात ओढायचं, यावर गेली पंचाहत्तर वर्षं देशाचं निम्मं राजकारण चाललं आहे. या शेपट्या कशा चालतात ते पाहायचं असेल तर घटनेची भाष्यं बाजूला ठेवा आणि उसाचं एक कांडं हातात घ्या.

ऊस उगवतो ती जमीन राज्याची बाब, शेती राज्याची बाब. पाणीही राज्याचं, पण आंतरराज्य नद्यांच्या शेपटीसह. कऱ्हाड-सांगलीच्या पट्ट्यातला ऊस ज्या कृष्णेवर पोसतो ती पुढे कर्नाटक आणि आंध्रात जाते. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये अंतिम वाटणी केली: महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. इथे घटनेने एक विलक्षण गोष्ट केली आहे. नदीच्या पाण्याच्या तंट्यातून न्यायालयांना दूर ठेवण्याची मुभा कलम २६२ ने संसदेला दिली, आणि संसदेने १९५६ च्या कायद्याने ती वापरलीही. म्हणून पाण्यासाठी लवाद बसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या बसतात. गोव्याच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. म्हादईच्या लवादाने २०१८ मध्ये गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ दिलं, आणि भांडण त्यानंतरही शमलेलं नाही.

बरं, ऊस वाढला. त्यात बिबट्या राहायला आला. जुन्नर-शिरूरकडे ही अतिशयोक्ती नाही. वन्यजीव हा मुळात राज्यांचा विषय होता, म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा करताना संसदेला आडवळणाने जावं लागलं. कलम २५२ प्रमाणे काही राज्यांनी आधी ठराव करून ‘आमच्या वतीने तुम्हीच कायदा करा’ असं सांगितलं. पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीत, बेचाळिसाव्या दुरुस्तीने वन्य प्राणी, जंगलं, शिक्षण, वजन-मापं आणि न्यायदान असे पाच विषय राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले. आज बिबट्या कुठल्या परिशिष्टात आहे ते केंद्राचा कायदा ठरवतो, पिंजरा लावायला माणूस राज्याच्या वनखात्याचा जातो, आणि सरपंच शिव्या घालतो त्या समोर उभ्या असलेल्या वनरक्षकाला.

तोड झाली, ऊस कारखान्यावर गेला. कारखाना सहकारी असेल तर राज्याचा विषय. दोन राज्यांत सभासद असलेली बहुराज्य संस्था झाली की केंद्राचा. २०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने केंद्राने राज्यांतल्या सहकारी संस्थांच्या कारभाराचे नियमही घटनेत घातले होते. निवडणुका कशा, संचालक किती, सगळं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये तो भाग रद्द केला. कारण? राज्यांच्या अधिकाराला हात लावणाऱ्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते आणि ती कुणी घेतलीच नव्हती. सहकार चांगला की वाईट हा प्रश्नच आला नाही. विचारलं नव्हतं, एवढंच पुरलं.

उसाचा दर, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. हे पैसे चौदा दिवसांत द्यायचे हे केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. गाळपाचा परवाना मात्र पुण्याचे साखर आयुक्त देतात, म्हणजे राज्य. या दोन टोकांच्या मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला: एफआरपी दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. कारखानदार खूश, शेतकरी संतापले. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राचा आदेश एकरकमी म्हणतो तिथे राज्याला हप्ते पाडता येत नाहीत. आपल्याकडे केंद्राचा हस्तक्षेप म्हटला की राज्याची बाजू घ्यायची सवय असते. इथे शेतकऱ्याच्या पदरात पडलं ते केंद्राच्या आदेशामुळे. कोण जवळचं सरकार आणि कोण दूरचं हे नकाशावरून ठरत नाही.

साखर झाली. ती महिन्याला किती विकायची याचा कोटा दिल्लीतून येतो. चिपाडापासून वीज केली तर वीज समवर्ती सूचीत. आणि मळी? मळीपाशी तर नऊ न्यायमूर्ती बसवावे लागले.

मळीपासून अल्कोहोल होतं. ते पिण्याचं असेल तर राज्य सूचीतली आठवी नोंद लागू. राज्यांच्या तिजोरीला हा विषय प्राणाहून प्रिय आहे. दारूचा आणि सूच्यांचा पहिला मोठा तंटा मुंबईतूनच गेला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं. परदेशातून माल आणणं हा केंद्राचा विषय आहे, मग राज्य परदेशी दारू कशी अडवतं, हा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये सांगितलं की कायद्याचा गाभा बघायचा. गाभा राज्याच्या सूचीत असेल तर जाता जाता दुसऱ्याच्या हद्दीला धक्का लागला म्हणून कायदा मोडत नाही. (अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी मात्र न्यायालयाने उडवली. औषधाच्या बाटलीला तेवढा न्याय मिळाला.)

पण अल्कोहोल पिण्याचं नसेल तर? रंग, रसायनं, सॅनिटायझर यांत जाणारं औद्योगिक अल्कोहोल कुणाचं? सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ मध्ये ते केंद्राकडे दिलं. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्यायमूर्ती नागरत्ना यांनी एकट्यांनी विरोधी. बहुमत म्हणालं, राज्याची आठवी नोंद कच्च्या मालापासून तयार मालापर्यंत सगळ्याला लागू होते, त्यामुळे औद्योगिक अल्कोहोलही राज्याचं. पस्तीस वर्षं केंद्राच्या बाजूला असलेली मळीची टाकी एका दिवसात राज्याच्या बाजूला आली. टाकी जागची हलली नाही.

आणि तरीही त्याच अल्कोहोलचं इथेनॉल करून पेट्रोलमध्ये घालायचं ठरवलं की दर आणि धोरण पुन्हा केंद्राचं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने लगाम घातला, तेव्हा कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांचं गणित रातोरात बदललं. म्हणजे लागणीपासून पेट्रोल पंपापर्यंतच्या त्या कांड्याच्या प्रवासात एकही टप्पा असा नाही जो फक्त एका सरकारचा आहे. मुंबई आणि दिल्ली यांपैकी एकट्याने कुणालाही ऊस साखरेपर्यंत नेता येत नाही, आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय तो पुरता अडवताही येत नाही. घटनाकारांनी सत्ता वाटली असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्यांनी ती एकमेकांत अडकवून ठेवली.

हे अडकवणं सगळ्यात चतुराईने कुठे केलं असेल तर ते २०१६ च्या एकशे एकाव्या दुरुस्तीत. त्याआधी मालावरचे कर विखुरलेले होते. उत्पादनावर केंद्र, विक्रीवर राज्य, आणि शहरात शिरताना महापालिकेची जकात. मुंबईच्या मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत, आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा झरा तोच होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्या मध्यरात्री नाके थंडावले. आता हॉटेलच्या बिलावर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी अशा दोन जुळ्या ओळी असतात. पेट्रोल-डिझेल अजून बाहेर आहे आणि पिण्याची दारू तर घटनेनेच बाहेर ठेवलेली आहे. राज्यांनी सही करण्याआधी एवढं स्वतःच्या हातात ठेवून घेतलं.

दर ठरवते जीएसटी परिषद, आणि तिच्या मतदानाचं गणित कागद-पेन्सिल घेऊन करण्यासारखं आहे. एकूण मतांच्या एक तृतीयांश वजन केंद्राला, दोन तृतीयांश सगळ्या राज्यांना मिळून. निर्णयाला तीन चतुर्थांश मतं हवीत. म्हणजे ७५ टक्के. सगळी राज्यं एक झाली तरी ६६.६७, निर्णय होत नाही. केंद्राचे ३३.३३ घेऊन आणखी ४१.६७ लागतात, ते फक्त राज्यांकडून येऊ शकतात. विधानसभा असलेली राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून ३१ सदस्य आहेत. सगळे हजर असतील तर केंद्राला त्यांतली २० आपल्याकडे वळवावी लागतात, आणि १२ राज्यांनी नकार दिला की विषय संपला. केंद्राला डावलून काही होत नाही आणि केंद्राला एकट्याने काही करता येत नाही. आणखी एक गोष्ट: राज्यांमध्ये मतं सारखी. २०११ च्या जनगणनेत ११ कोटींवर असलेला महाराष्ट्र आणि सहा लाखांचा सिक्कीम, दोघांचं वजन एकच. मुंबईकराला हे खुपतं. पण मोठ्यांना मोठं मत दिलं असतं तर लहान राज्यं जकात आणि विक्रीकर सोडून या मांडवात आलीच नसती.

या परिषदेत पहिल्यांदा मतदान झालं ते अडतिसाव्या बैठकीत, डिसेंबर २०१९ मध्ये. तोपर्यंत हजारो वस्तूंचे दर चर्चेनेच ठरले होते. मत टाकायची वेळ आली ती कशावर? लॉटरीवर. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, त्यांचं वजन समजावण्यापुरतं. मग सगळे त्या का पाळतात? कारण एकाने मोडल्या की दुसराही मोडणार, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

इथपर्यंत वाचून तराजू अगदी समतोल आहे असं कुणाला वाटलं असेल तर तसं नाही. तो दिल्लीकडे झुकलेला आहे आणि मुद्दाम झुकता ठेवलेला आहे. फाळणीच्या सावलीत घटना लिहिली गेली, घटनाकारांना भक्कम केंद्र हवं होतं. कुठल्याच सूचीत नसलेला विषय आपसूक केंद्राचा. समवर्ती सूचीत दोघांचे कायदे भिडले तर साधारणपणे केंद्राचा टिकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कलम ३. संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलू शकते, राज्य फोडू शकते, नाव बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचं मत मागवायचं, ते मानायचं बंधन नाही. अमेरिकेत एखादं राज्य त्याच्या संमतीशिवाय तोडता येत नाही. आपल्याकडे आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचं विधेयक नाकारलं, तरी २ जूनला तेलंगण झालं. पण त्याच कलमाने १ मे १९६० ला महाराष्ट्रही मिळाला, हे विसरून चालणार नाही. ते कलम कडक असतं, आणि द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधिमंडळाची संमती बंधनकारक असती, तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे. उलट बाजूला गोवा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि दिल्लीने तो मानला. कायद्याने अधिकार होता, तरी लोकांना विचारावंसं वाटलं.

पैशाच्या बाबतीत झुकाव जास्त डाचतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी वाटपयोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला. त्या हिश्शातल्या शंभर रुपयांपैकी उत्तर प्रदेशाला १७.९३९, महाराष्ट्राला ६.३१७, गोव्याला ०.३८६. ‘आम्ही भरतो आणि ते नेतात’ ही आपल्याकडची आवडती तक्रार, पण ती मला अर्धीच पटते. देशभर धंदा करणाऱ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं मुंबईत आहेत म्हणून त्यांचा कर मुंबईच्या नावावर दिसतो. तो सगळा मुंबईत कमावलेला नसतो. खरी तक्रार वेगळी हवी. उपकर आणि अधिभार या नावाने केंद्र जे वसूल करतं ते वाटपात येतच नाही. ४१ टक्के हे कुठल्या थाळीतले, ते थाळी वाढणाराच ठरवतो. इथे राज्यांनी एकत्र येऊन आवाज करायला हवा, आणि त्यात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश एकाच बाजूला आहेत.

राज्यांची सरकारं घालवायचं कलम ३५६ मात्र बरंच बोथट झालं आहे. केरळात १९५९ मध्ये नंबुद्रीपाद सरकार बरखास्त झालं, १९८० मध्ये महाराष्ट्रातलं शरद पवारांचं सरकार गेलं. अशी सरकारं दिल्लीच्या एका फर्मानाने सर्रास जात. ११ मार्च १९९४ ला बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं, आणि संघराज्य हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे. त्यानंतर या कलमाचा वापर झपाट्याने उतरला.

केंद्र आणि राज्यांनी समोरासमोर बसावं म्हणूनही घटनेत एक जागा ठेवलेली आहे: कलम २६३ ची आंतरराज्य परिषद. पंतप्रधान अध्यक्ष, सगळे मुख्यमंत्री सदस्य. घटना लागू झाल्यावर चाळीस वर्षांनी, सरकारिया आयोगाने शिफारस केल्यावर, मे १९९० मध्ये ती स्थापन झाली. तिची अकरावी बैठक १६ जुलै २०१६ ला झाली. त्यानंतरची आठ वर्षं तरी बारावी झाली नाही. त्याच काळात जीएसटी परिषद पन्नासहून अधिक वेळा बसली, कारण तिथे प्रत्येकाचे पैसे अडकलेले होते. नद्यांचं पाणी, उसातला बिबट्या, मळीची टाकी, उपकरांचा वाटा यांसाठीही तसंच बसायला हवं. त्यासाठी घटनेत एक अक्षरही नवं लिहावं लागणार नाही. पंतप्रधानांनी बैठक बोलवावी आणि मुख्यमंत्र्यांनी ती मागावी, एवढंच बाकी आहे.